फिएस्टाचा पोपट आणि ह्यूस्टनचा बाजार

ह्यूस्टनमध्ये आज कुठल्याही मोठ्या वाणसामानाच्या दुकानात जा, इंग्रजीच्या खाली किंवा शेजारी स्पॅनिश पाटी असतेच. बँकेत, औषधांच्या दुकानात, मोटारींच्या शोरूममध्ये दोन्ही भाषा बोलणारं कुणीतरी हमखास भेटतं. दवाखान्यात फोन लावला की पहिला प्रश्न येतो तो भाषेचा. नव्याने नोकरीला आलेल्या मराठी मुलामुलींना यात वेगळं काही वाटत नाही. टेक्सास म्हटलं की हे असायचंच, असं ते धरून चालतात. आम्ही १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला इथे संसार थाटला, तेव्हा हे असं नव्हतं. ते कसं घडत गेलं, हे आम्ही पिशवी हातात घेऊन, रांगेत उभं राहून पाहिलं आहे.

आकड्यांत सांगायचं तर १९८०च्या जनगणनेत ह्यूस्टन शहरात हिस्पॅनिक लोकसंख्या साडेसतरा टक्क्यांच्या आसपास होती. १९९० मध्ये ती २७ टक्क्यांच्या पुढे गेली, २००० मध्ये ३७ टक्क्यांवर आणि २०२० मध्ये ४४ टक्क्यांच्या घरात. तेवीस लाखांच्या शहरात दहा लाख माणसं झाली ही. आजूबाजूच्या उपनगरांसह सत्तर लाखांवर पसरलेल्या महानगराचा विचार केला तरी तीनातला एक माणूस हिस्पॅनिक. एवढ्या घरांत रोज स्वयंपाक होतो, मुलांना बूट लागतात, गाड्यांना टायर लागतात, लग्नकार्यं निघतात. बाजार म्हणतात तो यालाच.

पण आम्ही आलो तेव्हा मेक्सिकन माणूस शहरात दिसायचा तो राबताना. ऑगस्टच्या उन्हात छपरावर डांबर घालताना, हिरवळ कापताना, हॉटेलच्या मोरीपाशी. आमच्या भागातल्या मोठ्या दुकानांत, मॉलमध्ये तो खरेदी करताना सहसा दिसत नसे. त्याची खरेदी चालायची त्याच्या वस्तीत. सेकंड वॉर्ड, मॅग्नोलिया पार्क, नॉर्थसाइड. जहाजांच्या कालव्यावर आणि रेल्वेवर कामाला आलेल्या लोकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वसवलेल्या या वस्त्या. १९१२ मध्ये त्यांनी सेकंड वॉर्डात ग्वादालूपे मातेचं चर्च उभं केलं. १९५० मध्ये फेलिक्स आणि अँजेलिना मोरालेस या दांपत्याने शेजारच्या पॅसाडेनातून केएलव्हीएल हे स्पॅनिश रेडिओ केंद्र सुरू केलं. घराघरांत तेच लागलेलं असायचं. म्हणजे गिऱ्हाईक पूर्वीपासून होतं, पैसा कमीअधिक होता, बाजारही होता. बाकीच्या शहराला तो दिसत नव्हता, एवढंच.

आणि तो दिसू नये, अशी व्यवस्थाही होती. टेक्सासच्या शाळांत स्पॅनिश बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे. छड्या खाल्लेली माणसं मला पुढे शेजारी म्हणून भेटली. ह्यूस्टनचे हॉटेलमालक फेलिक्स तिहेरिना यांनी १९५७ मध्ये लहान मुलांसाठी वर्ग काढले. पहिलीत पाऊल टाकण्याआधी त्यांना इंग्रजीतले चारशे शब्द यावेत, म्हणजे ती वर्गात मागे पडणार नाहीत, हा हेतू. काम अतिशय मोलाचं होतं. पण त्या काळी जुळवून घेण्याचा सगळा भार त्या चार-पाच वर्षांच्या पोरांच्या खांद्यावर होता, हेही त्यातून कळतं. आज त्यांच्या नातवंडांना माल विकण्यासाठी कंपन्या आपल्या माणसांना स्पॅनिश शिकवतात.

आमचा या बाजाराशी पहिला संबंध आला तो कोथिंबिरीमुळे. तेव्हा बहुतेक दुकानांत कोथिंबीर मिळायची नाही. मिळाली तर चार मरगळलेल्या काड्या प्लॅस्टिकच्या डबीत, औषध विकावं तशा. मिरची म्हणजे ढोबळी मिरची. कुणीतरी जुन्या ओळखीच्या वहिनी म्हणाल्या, ‘‘अगं, फिएस्टात जा की! पोपटाची पाटी आहे बघ.’’

फिएस्टा मार्ट हे दुकान डोनाल्ड बोनहॅम आणि ओ. सी. मेंडेनहॉल या दोघांनी १९७२ मध्ये शहराच्या उत्तर भागातल्या मेक्सिकन वस्तीत सुरू केलं. धंद्याचं सूत्र साधं होतं. ज्या माणसाकडे इतर दुकानं लक्ष देत नाहीत, त्याला जे खायची सवय आहे ते आणायचं, त्याच्या भाषेत बोलायचं आणि त्याला मानाने वागवायचं. पुढे शहरभर शाखा निघाल्या. आमच्या भागातल्या फिएस्टात पाऊल टाकलं की आधी यायचा तो गरम टोर्टियाचा वास. दाराशीच छोटे छोटे गाळे. एकात गाण्यांच्या कॅसेट, दुसऱ्यात बूट, तिसऱ्यात सोन्याचे दागिने, चौथ्यात गावाकडे पैसे पाठवायची खिडकी. शुक्रवारी संध्याकाळी त्या खिडकीपुढे रांग लागायची. पगार हातात पडला की आधी गावाकडची रक्कम, मग इथलं सामान. मनिऑर्डरवर वाढलेल्या कोकणातल्या माणसाला ती रांग कशाची आहे हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

भाजीच्या विभागात तर आम्ही वेडेच झालो. कोथिंबिरीच्या ताज्या जुड्यांचा डोंगर, लवंगीसारख्या तिखट मिरच्या, लिंबं, चिंचेचे सुटे आकडे, कच्च्या कैऱ्या, पपया, पेरू, नारळ, ऊस, केळीची पानं. गुळासारख्या शंकूच्या आकाराच्या ढेपी दिसल्या, त्यांना पिलोन्सियो म्हणतात. घरी आणून पुरणात घातल्या आणि पुरण जमलं. केळीची पानं ते तामालेससाठी नेत, आम्ही गणपतीच्या नैवेद्यासाठी. पावतीवर तोच माल, हेतू वेगळा.

एका आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. राजगिरा संपलेला आणि तो मिळण्याची आशा नाही. मी चिंच निवडत होते. शेजारी एक वयस्कर बाई उभ्या होत्या, हालिस्को प्रांतातल्या, हे नंतर कळलं. माझं स्पॅनिश पंधरा-वीस शब्दांचं, त्यांचं इंग्रजी तेवढंच. बारीक दाणा, लाह्या फुटतात, वडी करतात, असं मी हातवारे करून सांगत होते. त्यांनी माझ्या मनगटाला धरलं आणि मिठाईच्या रांगेत नेलं. पारदर्शक कागदात गुंडाळलेली वडी हातात ठेवली. राजगिऱ्याच्या लाह्या, मध, वर शेंगदाणे आणि बेदाणे. थेट एसटी स्टँडवर मिळते ती राजगिऱ्याची वडी. मेक्सिकोत तिला अलेग्रिया म्हणतात. बाईंनी मला एक घ्यायला लावली, एक स्वतः घेतली आणि तिथेच उभ्याउभ्या खाऊन दाखवली, मला खात्री पटावी म्हणून.

त्या रात्री ताटात काय काय आहे याचा विचार करत बसले होते. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा, रताळं, हिरवी मिरची आणि हा राजगिरासुद्धा, सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. यातलं बरंच काही पोर्तुगिजांच्या जहाजांतून गोव्याच्या आणि पश्चिम किनाऱ्याच्या वाटेने आपल्याकडे आलं आणि आपल्या उपासाला चालू लागलं. ज्या लोकांच्या पूर्वजांनी ही पिकं हजारो वर्षं जोपासली, त्यांच्याच दुकानात आम्ही ती परक्यासारखी शोधत होतो. त्या दिवसापासून मला फिएस्टा परकं वाटलं नाही.

शहर बदललं ते मात्र तेलामुळे. १९७०च्या दशकात तेलाच्या तेजीवर गल्फ्टन भागात तरण्या नोकरदारांसाठी हजारो अपार्टमेंट बांधली गेली. तरणतलाव, क्लबहाउस, सगळा थाट. मग तेलाचे भाव पडू लागले आणि १९८६ मध्ये पार कोसळले. लोकांच्या नोकऱ्या गेल्या, गावंच्या गावं उठावीत तशी अपार्टमेंट रिकामी झाली. आमच्या ओळखीतल्या दोन मराठी कुटुंबांनीही तेव्हाच बिऱ्हाड हलवलं. घरमालकांनी भाडी उतरवली आणि दारावर स्पॅनिश पाट्या लावल्या. नेमक्या त्याच वर्षांत एल साल्वादोरमध्ये यादवी पेटलेली होती, ग्वातेमालात लष्कराचा कहर चालू होता. जीव वाचवून आलेल्या माणसांना ती रिकामी घरं मिळाली. काही वर्षांतच गल्फ्टनमध्ये साल्वादोरी पुपुसांच्या खानावळी, पाव-मिठाईच्या बेकऱ्या, पार्सल पोचवणारी दुकानं उभी राहिली.

त्याच १९८६ साली आणखी एक मोठी गोष्ट घडली. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने देशभरातल्या सुमारे सत्तावीस लाख माणसांचा मुक्काम पुढच्या काही वर्षांत कायदेशीर झाला. बाजाराच्या वाढीचं कारण शोधणारे लोकसंख्येकडे बोट दाखवतात, पण माझ्या मते हा कागद तितकाच महत्त्वाचा. कागद नसलेला माणूस गादीखाली पैसे ठेवतो, आठवड्यापुरतं सामान आणतो, उद्याचा भरवसा धरत नाही. कागद हाती आला की तो बँकेत खातं काढतो, हप्त्याने गाडी घेतो, घराला रंग देतो, मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा थाटात करतो. आमच्या पलीकडच्या इमारतीतलं एक साल्वादोरी कुटुंब मी असं जवळून पाहिलं. आधी जमिनीवर अंथरलेल्या गाद्या. मग एक जुनी पिकअप गाडी. मग तिच्या दारावर रंगवलेलं स्वतःच्या रंगकामाच्या धंद्याचं नाव. मग पॅसाडेनात घर. नवऱ्याला मी ‘दोन’ लावून हाक मारायचे, बायकोला ‘दोन्या’, आपण ‘राव’ आणि ‘बाई’ लावतो तसं. त्यांच्या मुलीच्या पंधराव्या वर्षाच्या सोहळ्याला आम्ही साडी-झब्ब्यात गेलो होतो. मुलीचा घेरदार झगा, मैत्रिणींचे एकसारखे पोशाख, हॉल, गाणारी मंडळी, केक. एकेका वस्तूची जबाबदारी कुणा मामाने, कुणा मानलेल्या आईवडिलांनी उचललेली. आपल्याकडे मुंजीत मामाकडून काय, आत्याकडून काय हे ठरलेलं असतं, तेच इथे.

आता हे सोहळे म्हणजे मोठी उलाढाल झाली आहे. शार्पस्टाउनचा मॉल १९६१ मध्ये उघडला तेव्हा शहराचा अभिमान होता. आम्ही आलो तेव्हा त्याची कळा उतरू लागली होती आणि पुढे एकेक मोठं दुकान निघून गेलं. सुमारे २०१० मध्ये तो प्लाझअमेरिकास या नव्या नावाने उभा राहिला. झग्यांची दुकानं, काउबॉय बूट, रविवारी कुटुंबच्या कुटुंबं, मधल्या चौकात गाणं-बजावणं. ज्या गिऱ्हाइकाला एके काळी मॉल आपलं मानत नव्हता, त्यानेच मॉल जगवला.

याच्या उलट, गिऱ्हाईक न ओळखता केलेलं कामही आम्ही पाहिलं. १९८०च्या दशकात नॅव्हिगेशन रस्त्याजवळ जुन्या कारखान्याच्या इमारतीत ‘मेर्कादो देल सोल’ नावाचा भव्य मेक्सिकन बाजार थाटला गेला. पर्यटकांना डोळ्यांपुढे ठेवून केलेली सजावट सुरेख होती, पण तो चालला नाही. त्याच रस्त्यावर निन्फा लॉरेन्सो या विधवा बाईंनी १९७३ मध्ये टोर्टियाच्या कारखान्याच्या पुढच्या खोलीत दहा टेबलं मांडली होती. निखाऱ्यावर भाजलेलं मांस गरम टोर्टियात घालून त्या वाढत. नंतर देशभर फाहिता म्हणून जे गाजलं त्याच्या प्रसारात त्यांचा मोठा वाटा. ते हॉटेल आजही गजबजलेलं असतं.

नंतर मोठ्या कंपन्यांना जाग आली. २००४ मध्ये एक दिवस रेडिओवर केएलओएल लावलं तर रॉक संगीताऐवजी स्पॅनिश गाणी. तीन दशकांहून अधिक काळ शहरातल्या गोऱ्या तरुणांचं ते लाडकं केंद्र. कितीतरी लोक हळहळले, आणि त्यांची हळहळ खरी होती, कारण तारुण्यातला आवाज एकाएकी बंद झाला की जीव तुटतोच. २००६ मध्ये एच-ई-बी या टेक्सासच्या बलाढ्य साखळीने पॅसाडेनात ‘मी तिएन्दा’ नावाचं खास मेक्सिकन धर्तीचं दुकान काढलं. त्याच वर्षी शहरात नवा फुटबॉल संघ आला. मालकांनी त्याचं नाव ठेवलं ‘ह्यूस्टन १८३६’, शहर वसल्याचं वर्ष म्हणून. पण टेक्सास मेक्सिकोपासून लढून वेगळं झालं तेही याच वर्षी. मेक्सिकन वंशाच्या लोकांनी नापसंती कळवली आणि काही आठवड्यांत नाव बदलून ‘डायनॅमो’ झालं. स्टेडियम कुणाच्या तिकिटांवर भरणार आहे, हे मालकांना कळून चुकलं होतं.

ह्यूस्टनच्या वार्षिक रोडिओचंही तसंच. २६ फेब्रुवारी १९९५ रोजी तेहानो गायिका सेलेना रोडिओसाठी अ‍ॅस्ट्रोडोममध्ये गायली तेव्हा साठ हजारांवर लोक जमले होते. सुमारे महिन्याभरानंतर, ३१ मार्चला, तिची हत्या झाली. त्या दिवशी फिएस्टात कॅसेटच्या गाळ्यापुढे मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. गाळ्यातल्या पोराने पैसे घेणं थांबवलं होतं आणि नुसतं तिचं गाणं लावून ठेवलं होतं. बाहेरच्या शहरात अनेकांना ती कोण होती हेही ठाऊक नव्हतं. २०१९ मध्ये त्याच रोडिओत ‘लोस टिग्रेस देल नोर्ते’ गायले तेव्हा पंचाहत्तर हजारांवर गर्दी झाली आणि रोडिओचा उच्चांक मोडला. आज रोडिओचा हिशेब या गिऱ्हाइकाला बाजूला ठेवून मांडताच येणार नाही.

आपली माणसंही या बाजारात सामील आहेत. हिलक्रॉफ्ट रस्त्यावर हायवेच्या एका अंगाला २०१० मध्ये महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट असं नाव मिळालेला भारतीय बाजार, दुसऱ्या अंगाला गल्फ्टन. हार्विन ड्राइव्हवरची बॅगा, घड्याळं, अत्तरं, खोटे दागिने विकणारी भारतीय, पाकिस्तानी, चिनी दुकानं लॅटिनो गिऱ्हाइकावर उभी आहेत. तिथले गुजराती शेठ अस्खलित स्पॅनिशमध्ये भाव करतात. आपल्या वाणसामानाच्या दुकानात भेंडी लावणारा, तांदळाच्या गोणी उचलणारा हात बहुतेक वेळा ग्वातेमाला नाहीतर मेक्सिकोचा असतो आणि तो आपल्याला ‘मेथी संपली, उद्या येईल’ असं हिंदीतून सांगतो.

या सगळ्या भरभराटीत काय गेलं, तेही सांगायला हवं. फिएस्टाची मालकी २००४ पासून हात बदलत गेली. २०१८ मध्ये ती मेक्सिकोतल्या चेद्राउई समूहाच्या अमेरिकी कंपनीकडे आली. पोपट पाटीवर अजून आहे, पण दाराशी गाळ्यांची ती जत्रा पूर्वीसारखी राहिली नाही. पैसे फोनवरून जातात, गाणीही फोनवरच. एअरलाइन ड्राइव्हवरच्या जुन्या भाजीबाजारात, जिथे आम्ही लोणच्यासाठी पेटीभर कैऱ्या आणि लिंबं घ्यायचो, तिथलं कॅनिनोचं दुकान २०१९ मध्ये बंद झालं. बाजाराचं रूप पालटलं, सावली, बसायला जागा, स्वच्छता सगळं आलं, आणि भाजीवाल्याशी घासाघीस करण्याची मजा कमी झाली. त्याच रस्त्यावर ‘एल बोलियो’ बेकरीत मात्र अजून ताट-चिमटा घेऊन आपल्या हाताने पान दुल्से, म्हणजे गोड पाव, निवडावं लागतं, आणि रविवारी सकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते.

गिऱ्हाईकही बदललं. पूर्वी वाढ होती ती येणाऱ्यांची, आता ती बहुतांशी इथे जन्मलेल्यांची आहे. त्या साल्वादोरी जोडप्याची मुलगी आता दंतवैद्याच्या दवाखान्यात हिशेब सांभाळते. ती आईशी स्पॅनिशमध्ये बोलते, मुलाशी इंग्रजीत. तिच्या टोपलीत टोर्टियासाठीचं मक्याचं ‘मासा’ पीठ असतं, ग्रीक दही असतं आणि आमच्या नादाने लागलेलं आंब्याचं लोणचंही. तिला नुसती स्पॅनिश पाटी लावून कुणी जिंकू शकत नाही. जनगणना खात्याच्या अंदाजानुसार २०२२ पासून हिस्पॅनिक लोक टेक्सासमधला सर्वांत मोठा समूह झाले आहेत. त्यामुळे त्यांचा वेगळा बाजार असं म्हणणंच आता अपुरं पडतं. शहराचा बाजार तोच आहे.

आणि तरीही, २०२५ मध्ये स्थलांतरितांवरची धरपकड वाढली, तेव्हा हे गिऱ्हाईक पुन्हा दिसेनासं झालेलं मी पाहिलं. शुक्रवारची संध्याकाळ आणि दुकानात शुकशुकाट. सहकुटुंब येणारी माणसं कुणातरी एकाला, ज्याच्याकडे कागद आहे त्याला, यादी देऊन पाठवू लागली. शीतपेयं आणि बिअर विकणाऱ्या बड्या कंपन्यांनी हिस्पॅनिक गिऱ्हाइकाने हात आखडता घेतल्याचं जाहीरपणे सांगितलं. ज्यांना आकडे पाहायची सवय आहे त्यांना विक्रीतली घट दिसली. मला दिसली ती भीती. चाळीस वर्षांपूर्वी छपरावर काम करणारा माणूस खरेदीला बाहेर पडायला जसा बिचकायचा, तशीच.

म्हणून जुन्या दिवसांतलं मला जपावंसं वाटतं ते फिएस्टाचं पहिलं सूत्र: आधी माणसाला मान द्यायचा, धंदा मागून येतो. या शहराने हिस्पॅनिक माणसाच्या पैशाला मान द्यायला शिकून बराच काळ लोटला. माणसाला तो मान अजून पुरता मिळालेला नाही, आणि तो मिळाला नाही तर पैशाचा मानही एका वटहुकमाने डळमळतो, हे आपण नुकतंच पाहिलं. आपणही इथे परकेच म्हणून आलो, आपल्या देवघरातला नैवेद्य आणि उपासाचं ताट त्यांच्या दुकानांनी वर्षानुवर्षं सांभाळलं. आज त्यांच्यावर वेळ आली आहे, तर आपण त्यांच्या दुकानात गेलं पाहिजे, त्यांच्या खानावळीत बसलं पाहिजे, आपल्या दुकानात राबणाऱ्या हातांची नावं माहीत करून घेतली पाहिजेत. आणि शहराच्या सभेत त्यांच्यासाठी बोलायची वेळ आली तर मराठी माणसाने उठून उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.